अबोली रंगाची रेघ

जगात पुढे जाणारी माणसं खंडीभर सापडतील, पण माझ्या भावोजींइतकं बिनचूक मागे जाणारा माणूस अख्ख्या कोकणात दुसरा नाही. घरातली खुर्ची इकडची तिकडे करायची असेल तर आधी ते तिचा फोटो काढतात, म्हणजे नाही आवडलं तर होती तशी ठेवता येते. न्हाव्याकडे बसण्यापूर्वी स्वतःच्या डोक्याचाही काढतात. मी एकदा म्हटलं, "अहो भावोजी, कापलेले केस काय परत चिकटवणार आहात?" तर म्हणाले, "ते नाही जमणार. पण कुठून कुठे आलो ते कळायला नको?" कुठलीही गोष्ट झाली, संपली, असं त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. घराला रंग देऊन झाला का? "तूर्त." ताप उतरला का? "तूर्त." त्यांच्या मुलीच्या लग्नात वरात निघाल्यावर कुणीतरी म्हणालं, सुटलात हो जबाबदारीतून. भावोजी डोळे पुसत म्हणाले, "तूर्त." व्याही जरा बिचकलेच.

मागच्या एका मे महिन्यात माझी बायको माझ्याशी बोलेनाशी झाली. का, ते मला कळेना आणि विचारायची सोय नव्हती. भावोजी माझ्या दुकानात चहाला आले होते, त्यांना सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. "रविवारी बोलत होतात?" हो. "आणि आज शनिवारी नाही. म्हणजे मधे कुठेतरी बिघडलं. बुधवारी?" बुधवारी तिने मिठाची वाटी माझ्याकडे सरकवली होती, पण तोंडाने काही नाही. "म्हणजे बुधवारी बिघडलेलं होतं. सोमवारी?" सोमवारी आम्ही बरोबर बाजारात गेलो होतो, चांगले हसतखेळत. "मग मंगळवार. मंगळवारी जेवायला काय होतं?" मंगळवारी तिने फणसाची सांदणं केली होती आणि मी म्हणालो होतो, आईची जरा जास्त मऊ व्हायची. "सापडलं," असं म्हणून भावोजींनी उरलेला चहा संपवला आणि चपला घातल्या. मी म्हटलं, अहो, पण आता मी करू काय? "ते तू बघ. माझं काम शोधून देण्यापर्यंतचं." मी घरी जाऊन माफी मागितली. बायको म्हणाली, एवढं तुम्हाला आपलं आपण सुचलं नसणार.

हे अंगवळणी पडलं त्याला कारण त्यांचं काम. पुण्याच्या एका कंपनीतून बाहेर पडून माझ्या ताईला घेऊन ते रत्नागिरीला परत आले, भाट्याच्या पुलाजवळ चिऱ्याचं लहानसं घर घेतलं, आणि पडवीत टेबल टाकून एकच प्रोग्राम करत बसले. आजही तोच करत बसलेले आहेत. म्हणजे असं, की संगणकाचे मोठमोठे प्रोग्राम दहा ठिकाणची दहा माणसं मिळून लिहितात. कुणी, कधी, कोणती ओळ बदलली आणि का, याची सगळी नोंद ठेवणारी एक व्यवस्था असते. त्यामुळे काही बिघडलं तर मागे जाता येतं, आणि दोघांनी वेगवेगळं लिहिलेलं एकत्र जोडता येतं. पण ती व्यवस्था चालवायची तर काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करत बसावं लागतं. भावोजींच्या प्रोग्राममध्ये हे सगळं चित्रात दिसतं. प्रत्येकाच्या कामाची एक रंगीत रेघ. रेघा निघतात, बाजूने चालतात, पुन्हा येऊन मिळतात. कुठल्याही ठिपक्यावर बोट ठेवा आणि त्या दिवशी जसं होतं तसं समोर हजर. ही माझी समजूत झाली. ताईची त्याहून सोपी आहे. ती म्हणते, "अरे, दोन जावांनी एकाच आमटीत मीठ घातलं, तर कुणी कधी घातलं ते हे दाखवतात. आणि कुणाचं ठेवायचं ते विचारतात." आमटीत असं विचारता आलं असतं तर कितीतरी घरं फुटायची वाचली असती, असंही ती वर म्हणते.

असा प्रोग्राम एकदा लिहून भागत नाही. संगणक बदलत राहतात, त्याबरोबर यालाही बदलावं लागतं. होडी दरवर्षी किनाऱ्यावर ओढून तिला तेल लावावं लागतं, तसंच. म्हणून भावोजींची अपडेट निघतात, आणि आमच्याकडे तो एक सोहळा असतो. नवीन बटण केलं की घरी येईल त्याला ते दाबायला बसवतात. गॅसवाल्याला बसवलंय, मला तर किती वेळा. एकदा मासे घेऊन येणाऱ्या मावशींना बोलावलं. त्या दारातूनच म्हणाल्या, "हात माशाचं हायत ओ, तुमच्या मशिनीला वास लागंल." भावोजी म्हणाले, नुसतं बघून सांगा, हा बाण कशाचा वाटतो? मावशींनी पाटी सावरत पडद्याकडे पाहिलं. "ह्यो तर दाराकडं दावतोय. जाव काय मी?" भावोजींनी त्याच दुपारी बाण फिरवला. प्रत्येक अपडेटबरोबर काय बदललं ते इंग्रजीत लिहायची पद्धत आहे. इतर लोक 'किरकोळ सुधारणा' लिहून मोकळे होतात. भावोजी लिहितात, "मागच्या खेपेस उजवीकडची खिडकी मिटत नव्हती. चूक माझीच होती. मला ती आवडली होती म्हणून मी नीट तपासली नाही. क्षमस्व." शेवटी प्रकाशित करायचं बटण दाबलं जातं, फोन तांदळाच्या डब्यात ठेवला जातो, आणि दोघं नवराबायको भाट्याच्या पुळणीवर फिरायला जातात. पाय ओले झाल्याशिवाय तक्रारी वाचायच्या नाहीत, असा नियम आहे.

ते बटण ताई दाबते. याला कारण आहे, आणि ते सांगायचं तर त्यांच्या लग्नापर्यंत मागे जावं लागेल. ताईला बघायला आले तेव्हा तिने डाळिंबी साडी नेसली होती, तिला हे एवढे हिरवेगार काठ. निघताना भावोजी अदबीने म्हणाले, "तुमची साधी बिनकाठाची साडी मला फार आवडली." आमच्याकडे सगळे एकमेकांकडे बघायला लागले. भावोजींना लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत, जन्मापासून. आई म्हणाली, नको गं बाई, डोळ्यांत दोष आहे. ताई म्हणाली, "आत्तापर्यंत आलेले सगळे साडीकडे बघून गेले. ह्यांना साडी दिसलीच नाही. म्हणजे एवढा वेळ माझ्याकडेच बघत असणार." तिने होकार कळवला. आणि अशा माणसाने पुढे काय करावं, तर रंगीत रेघांचा प्रोग्राम.

मग रंग ताईने निवडायचे, असं ठरून गेलं. माझं रंगांचंच दुकान, त्यामुळे नमुन्यांची कार्डं भावोजी माझ्याकडून नेतात. ताई त्यावर बोट ठेवते, भावोजी त्याचे आकडे करून संगणकाला सांगतात. नावंही ताईचीच. कोकमी, अबोली, मोरपिशी, हळदी, शेवाळी. ती तशीच्या तशी इंग्रजी अक्षरांत प्रोग्राममध्ये आहेत, आणि ज्यांनी आयुष्यात कोकम पाहिलेलं नाही असे लोक कुठे कुठे बसून आपल्या कामाची रेघ कोकमी करून घेतात. जर्मनीतल्या एका बाईने पत्र पाठवून विचारलं, अबोली म्हणजे काय? ताईने सांगितलं, भावोजींनी इंग्रजी केलं. "हे एक फूल आहे. वास अजिबात नाही. पण वेणीत दुसऱ्या कुणाला पुढे जाऊ देत नाही." त्या बाईने तेव्हापासून दुसरा रंग घेतलेला नाही.

फक्त एकदा भावोजींनी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास टाकला. ताई मुलीच्या बाळंतपणासाठी ठाण्याला गेली होती. एक लहानसं अपडेट, म्हणून त्यांनी आपलं आपणच सोडलं. त्यात सुरळीत जोडलं गेलं ते हिरवं आणि भांडण उभं राहिलं ते लाल, एवढं साधं काम होतं. दोन आकडे इकडचे तिकडे झाले. भावोजींनी पडद्यावर बारकाईने पाहिलं, त्यांना दोन्ही सारखंच उत्तम दिसलं. पाय ओले करून परत येतात तो तांदळाचा डबा घुमत होता. जगभर लोक लाल बघून दचकत होते आणि हिरवं बघून बेधडक पुढे जात होते. ब्राझीलच्या एकाने लिहिलं होतं की आमच्या ऑफिसात सगळं हिरवंगार आहे आणि कुणीही कुणाशी बोलत नाही. भावोजींनी ठाण्याला फोन लावून पडद्यासमोर धरला. ताईच्या मांडीवर नातू होता. तिने तिथूनच बघितलं आणि म्हणाली, "अहो, मिरची पिकली ती कच्ची दाखवलीत आणि कच्ची ती पिकलेली." ते दुरुस्त झालं, आणि ताईने पाहिल्याशिवाय काहीही बाहेर जायचं नाही असा कायदा झाला. तिच्यासाठी टेबलाशी दुसरी खुर्ची आली. तिच्यावर दुसरं कुणी बसलेलं भावोजींना चालत नाही.

हे सगळं गेली दोन-तीन वर्षं जरा विचित्र व्हायला लागलं. प्रत्येक अपडेटमध्ये रेघा जाड होत चालल्या. आधी दोऱ्याएवढ्या होत्या, मग सुतळीएवढ्या झाल्या, मग अगदी काथ्याच्या दोरीएवढ्या. अक्षरं मोठी झाली. शेवाळी रंग एकदा गडद झाला, पुन्हा गडद झाला. लोक कुरकुरले. एकाने लिहिलं, आता माझ्या पडद्यावर फक्त तुमच्या रेघाच मावतात, माझं काम कुठे ठेवू? मी म्हटलं, भावोजी, तुमचा चष्म्याचा नंबर वाढलाय, जाऊन या डॉक्टरांकडे. ते म्हणाले, "पुढच्या खेपेस बघू." साध्या सूचनेला त्यांनी मागे न जाता उत्तर दिलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं. ताई त्याच सुमारास मान तिरकी करून बघायला लागली होती. माझ्याशी बोलतानासुद्धा माझ्या कानाकडे बघून बोलायची. मला वाटलं, कशावरून तरी रुसलीये.

गणपतीच्या आधी दोघं दुकानात आली, पडवीसाठी रंग निवडायला. ताईने कार्ड उचललं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, बाजूला धरून तिरकं पाहिलं. मग म्हणाली, "ही दोन सारखीच आहेत ना रे?" तिच्या बोटाखाली एक हळदी होता आणि एक अबोली. माझ्या तोंडून काही निघायच्या आत मागून भावोजी घाईघाईने म्हणाले, "हो, हो. अगदी सारखीच आहेत." ज्या माणसाने आयुष्यात कधी रंगाबद्दल मत दिलं नाही त्याने दिलेलं हे पहिलं मत. ताई रिक्षात जाऊन बसल्यावर त्यांनी मला सांगितलं. ताईच्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. कडेचं दिसतं, मधलं पुसट होतं, रंग फिके होतात. कोल्हापूरला जाऊन ती डोळ्यात इंजेक्शनं घेते, त्याने वेग कमी होतो. गेलेलं परत येत नाही. "एवढं एकच आहे," भावोजी कार्डं नीट लावत म्हणाले, "ज्यात मागे जाता येत नाही."

दिवाळी झाल्यावर ताईने खुर्ची सोडली. मी तिथेच होतो. नवीन अपडेट तयार होतं, भावोजींनी खुर्ची ओढून ठेवली, आणि ती दारातच थांबली. "अहो, मला नका बसवू आता. मी आपली हो म्हणते आणि तुम्ही सोडून देता. मला शेवाळी आणि कोकमी एकच दिसतात. माझ्यापायी कुणाचं काम बिघडायला नको. दुसरं कुणीतरी बघा." भावोजी म्हणाले, "तू नाही बसलीस तर अपडेट नाही." ताई म्हणाली, असं किती दिवस? "नाहीच." आणि खरोखरच नाही. महिने गेले. प्रोग्राम जुना व्हायला लागला, नव्या संगणकांवर अडखळायला लागला. लोकांनी आधी विचारणा केली, मग काळजी केली. एकाने सरळ लिहिलं, हे करणारे गृहस्थ हयात आहेत का? भावोजींनी उत्तर पाठवलं, "तूर्त." मी जाऊन ताईला म्हटलं, अगं, त्यांचं आयुष्यभराचं काम बुडेल. तीही रडवेली झाली. "मला काय हौस आहे? त्या खुर्चीत मला किती बरं वाटायचं. पण दिसत नसताना दिसतंय म्हणू?" पडवीत जावं तर भावोजी पाठमोरे बसलेले, सारखे काहीतरी पुसतायत, पुन्हा काढतायत.

मग एका दुपारी त्यांचा फोन आला, कार्ड वगैरे काही आणू नकोस, नुसता ये. गेलो तर ताईला त्यांनी कसंबसं खुर्चीपर्यंत आणलं होतं. "रंग सांगायचा नाही," ते म्हणाले. "नुसतं बोट फिरव." पडद्यावर रेघा होत्या, पण आता प्रत्येकीचं वळण वेगळं. एक होती जवळजवळ ओवलेल्या गोल ठिपक्यांची. ताईने तिरकी मान करून बघितलं, बोटाने चाचपलं. "ही वेणी आहे." "म्हणजे कोण?" "अबोली!" दुसरी लाटेसारखी, ती मोरपिशी. सलग जाड ती कोकमी. तुटक तुकड्यांची शेवाळी. दोन रेघांचं भांडण झालं तिथे उलटसुलट टाके घातलेले. ताई एकेक ओळखत गेली, आवाज चढत गेला, एकही चुकली नाही. इतक्या महिन्यांत ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती.

आणि मग भावोजी एकदम पडद्याकडे वाकले. करताना त्यांनी प्रत्येक रेघ सुटी सुटी केली होती. सगळ्या एकत्र ते आत्ता बघत होते. "अगो," ते म्हणाले, "ही वरची आणि ही खालची एक नाहीत." ताई म्हणाली, नाहीतच, एक कोकमी आणि एक शेवाळी. "मला दिसतंय! इतकी वर्षं मला तिथे एकच रेघ दिसायची. मी नावं वाचून चालवायचो." स्वतःचा प्रोग्राम त्यांना पहिल्यांदा दिसत होता. ते लहान मुलासारखे बोट ठेवून मोजत सुटले. ही एक, ही दुसरी, ही बघ कुठून आली. मीसुद्धा टाळी वाजवली. ताईने पडद्यावरचं बोट काढून घेतलं. मग हळूच म्हणाली, "बरं झालं हो. म्हणजे आता तुम्हाला माझी गरज नाही उरली."

भावोजी थांबले. मला वाटलं, आता म्हणतील, मागे जाऊ या. पण त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "मला रेघा दिसल्या. रंग कुठे दिसले? अबोली कशी असते ते मला अजून ठाऊक नाही. इतक्या जणांना आपण ती पाठवली, मी कधी पाहिली नाही. तू सांगितलंस म्हणून आहे म्हणायचं." ताईने त्यांच्याकडे, म्हणजे त्यांच्या कानाकडे पाहिलं. "मूल दुपारचं झोपून उठतं ना, तेव्हा त्याचा गाल हाताला कसा लागतो? तशी." भावोजींनी आपला तळहात उघडून पाहिला. "आणि शेवाळी?" "विहिरीच्या पायरीवर अनवाणी पाय ठेवलात की कसं वाटतं, तशी." "आणि कोकमी?" "कोकमी नंतर सांगेन," ताई म्हणाली, "सगळं आजच सांगितलं तर उद्या काय करू?" आणि तिने खुर्ची पुढे ओढून घेतली. भावोजींनी तिचं बोट बटणावर नेऊन ठेवलं आणि आपला हात काढून घेतला. दाबलं तिनेच. त्या खेपेच्या नोंदीत त्यांनी लिहिलं आहे, "रेघा आता रंग न बघताही ओळखता येतील. उशीर झाला, चूक माझीच होती. रंग नेहमीप्रमाणे तिचेच."

फोन तांदळात गेला आणि आम्ही तिघं भाट्याच्या पुळणीवर गेलो. सुरूच्या बनातून उतरताना ताईने भावोजींचा दंड धरला होता. पाण्याच्या कडेला पोचल्यावर ती म्हणाली, "सांगा, काय दिसतंय?" भावोजी चित्र वाचावं तसे सांगू लागले. "वर एक जाड पट्टा आहे. त्याच्याखाली एक बारीक, डावीकडून निघून मधेच संपलेला. मग पाणी." ताईने चेहरा समुद्राकडे केला. "मग वरचा अबोली असणार. खालचा कोकमी. आणि पाण्यावर थोडी हळद सांडलेली असेल." भावोजींनी मान डोलावली, जणू काही ते तिथे लिहिलेलंच होतं. त्या दिवशी अवेळी ढग आले होते. मी रंगांचा धंदा करणारा माणूस, मला विचारलं असतं तर इकडून तिकडे सगळं करडं आहे असं सांगावं लागलं असतं. मला कुणी विचारलं नाही. एक लाट येऊन आमचे पाय ओले करून गेली, तरी तक्रारी वाचायला परत फिरायची कुणालाच घाई नव्हती.

"छान आहे हो आज," ताई म्हणाली.

भावोजींनी तिचा हात आपल्या दंडावर नीट ठेवून घेतला आणि म्हणाले, "तूर्त."